नवे ब्रेक लगेच का लागत नाहीत?

उन्हाळ कांद्याचा हंगाम सुरू झाला की लासलगावच्या बाजार समितीकडे येणारे रस्ते ट्रॅक्टर आणि पिकअप गाड्यांनी भरून जातात. निफाड, चांदवड, येवला या तालुक्यांतून माल येतो, लिलाव होतो आणि मग तोच कांदा गाड्यांत भरून चांदवडच्या राहुड घाटाने उत्तरेकडे किंवा इगतपुरीहून कसारा घाट उतरून वाशीच्या बाजाराकडे निघतो. हंगामाच्या तोंडावर गॅरेजमध्येही गर्दी असते. टायर, क्लच आणि अर्थातच ब्रेक! नव्या डिस्क व नवे पॅड बसवून गाडी ताब्यात देताना मिस्त्री बहुधा एक वाक्य ऐकवतो : "पॅड नवे आहेत, दोन-तीन दिवस जरा सांभाळून चालवा. बसायला वेळ लागतो."

हे वाक्य ऐकून विद्यार्थ्याला प्रश्न पडायला हवा. वस्तू जुनी झाली की बिघडते, नवी असते तेव्हा उत्तम चालते, हा आपला नेहमीचा अनुभव. मग ब्रेकच्या बाबतीत उलट कसे? नवा पॅड 'बसतो' म्हणजे नेमके काय होते? आणि तो बसण्याआधीच भरलेली गाडी घाटात उतरवली तर काय होईल? या प्रश्नांची उत्तरे शोधताना आठवी-नववीच्या पुस्तकातले घर्षण, ऊर्जा आणि उष्णता हे तिन्ही धडे एकत्र येतात.

ब्रेक करतो तरी काय?

'ब्रेक गाडी थांबवतो' हे उत्तर अपुरे आहे. धावत्या गाडीत गतिज ऊर्जा असते आणि ती नाहीशी करता येत नाही, फक्त तिचे रूप बदलता येते. ब्रेक हे गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणारे यंत्र आहे.

चाकाबरोबर फिरणारी बिडाची जाड तबकडी म्हणजे डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना दोन पॅड असतात. पायाने पेडल दाबले की ब्रेक ऑइलमधून दाब पोचतो, कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड डिस्कला दोन्हीकडून चिमटीत धरतात. या रचनेचे पेटंट इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली घेतले होते. पण ती खरी नावारूपाला आली ती १९५३ मध्ये, डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वार मोटारीने फ्रान्समधली ल मांची २४ तासांची शर्यत जिंकल्यावर.

आता थोडे गणित करू. १२०० किलोग्रॅमची मोटार ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर वेगाने धावते आहे. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग या सूत्राने तिची गतिज ऊर्जा सुमारे ३ लाख जूल येते. एवढ्या ऊर्जेने एक लिटर पाण्याचे तापमान सुमारे ७१ अंश सेल्सिअसने वाढते. म्हणजे साध्या पाण्याला जवळजवळ उकळी येते. एक किलोवॅटच्या शेगडीला यासाठी पाच मिनिटे लागतील. जोराचा ब्रेक मारला तर तेच काम तीन-साडेतीन सेकंदांत उरकते!

ही झाली सपाट रस्त्यावरची एक वेळ. घाटाचा हिशेब निराळा आहे. इगतपुरी आणि कसारा यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. याच उतारावर रेल्वेलाही १:३७ असा तीव्र चढ बांधावा लागला. मालासह ३००० किलोग्रॅम वजनाची पिकअप हा घाट उतरते तेव्हा तिची स्थितिज ऊर्जा वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराइतकी, म्हणजे सुमारे ८८ लाख जूल कमी होते. खाली पोचल्यावर गाडीचा वेग वाढलेला नसेल, तर ही सगळी ऊर्जा कुठे तरी उष्णता होऊन गेलेली असते. त्यात २८ लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत तापवता येईल.

समजा, पुढच्या दोन डिस्क आणि मागचे दोन ड्रम मिळून ४० किलोग्रॅम बीड आहे. बिडाची विशिष्ट उष्णता किलोग्रॅमला अंशामागे सुमारे ४६० जूल धरली आणि सगळी उष्णता त्यातच साठली असे मानले, तर तापमान सुमारे ४८० अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात टायर आणि हवा यांचा विरोध आपला वाटा उचलतो, वाऱ्याने डिस्क निवतही राहतात. पण खालच्या गिअरमध्ये न उतरता सारा भार पेडलवर टाकला, तर ब्रेक काही शे अंशांपर्यंत तापतात, हे या साध्या हिशेबावरून कळते.

पॅडमध्ये काय असते?

पॅड हा एका पदार्थाचा नसतो. ते एक मिश्रण असते. त्याला एकत्र धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे फेनॉलिक रेझीन. त्यात मजबुतीसाठी पोलादाचे वा अ‍ॅरॅमिडचे तंतू, घर्षण स्थिर ठेवण्यासाठी ग्राफाइट व धातूंची सल्फाइडे, थोडे खरखरीत कण आणि भर म्हणून बेरियम सल्फेट असे घटक असतात. पूर्वी तंतू म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास वापरत. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असल्यामुळे अनेक देशांनी त्यावर बंदी घातली.

या मिश्रणात आपल्या कोकणाच्या ओळखीचीही एक वस्तू असते. काजूच्या टरफलातून निघणारे, हाताला लागले तर कातडी भाजणारे तेल आपल्याला ठाऊक आहे. त्यावर रासायनिक प्रक्रिया करून ते घट्ट करतात, दळतात आणि ती भुकटी ब्रेकच्या पॅडमध्ये मिसळतात. तिच्यामुळे पॅड किंचित मऊ राहतो आणि डिस्कला धरताना धक्के कमी बसतात.

डिस्क मात्र साध्या करड्या बिडाची असते. बिडात ग्राफाइटचे पापुद्रे विखुरलेले असतात. ते उष्णता चांगली वाहून नेतात आणि कंपने शोषून घेतात. म्हणूनच दिसायला ओबडधोबड असलेला हा स्वस्त धातू येथे अजून टिकून आहे.

'बसणे' म्हणजे तीन गोष्टी

नवा पॅड आणि नवी डिस्क समोरासमोर आल्या की तीन गोष्टी घडायच्या बाकी असतात.

पहिली गोष्ट आकाराची. दोन्ही पृष्ठभाग आपल्या डोळ्यांना सपाट दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते डोंगरदऱ्यांसारखे असतात. सुरुवातीला फक्त शिखरे एकमेकांना टेकतात. सारा दाब आणि सारी उष्णता त्या मोजक्या ठिकाणी एकवटते. हळूहळू शिखरे झिजली की प्रत्यक्ष टेकणारे क्षेत्र वाढते. जुन्या डिस्कवर खोल चरे पडलेले असतील आणि त्यावर नवे पॅड बसवले, तर हे काम फारच लांबते.

दुसरी गोष्ट रसायनाची. पॅड कारखान्यात दाबून, भाजून तयार होतो, पण त्याच्या वरच्या थरातले रेझीन पूर्ण पक्के झालेलेच असते असे नाही. ते पहिल्यांदा खूप तापते तेव्हा त्यातून वायू बाहेर पडतात. हे वायू पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये अडकले की पॅड डिस्कपासून किंचित उचलला जातो. पेडल पायाखाली घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही! नव्या पॅडचा खरा धोका हाच आहे. वायू सावकाश, थोड्या थोड्या तापण्याने निघून गेले तर काही बिघडत नाही. तेच पहिल्यांदा घाटाच्या मध्यावर, भरल्या गाडीत निघू लागले तर अनर्थ होऊ शकतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. योग्य तापमानाला पॅडमधला पदार्थ डिस्कवर उतरतो आणि तेथे त्याचा अतिशय पातळ, एकसारखा थर तयार होतो. त्यानंतर पॅड बिडावर घासत नाही. तो स्वतःच्याच पदार्थाच्या थरावर घासतो. या दोन थरांमध्ये कणांचे बंध सतत जुळतात आणि तुटतात, आणि ते तोडण्यात गाडीची ऊर्जा खर्च होते. त्यामुळे घर्षण एकसारखे मिळते आणि डिस्कही कमी झिजते.

घरातले उदाहरण द्यायचे तर बिडाच्या नव्या तव्याचे देता येईल. पहिली काही घावने चिकटतात, तुटतात. तेल लावून तवा अनेकदा तापवला की त्यावर काळा, गुळगुळीत थर चढतो आणि मग तवा 'रुळतो'. तेथेही उष्णतेने धातूवर एक थर बसवावा लागतो. फरक एवढाच, की तव्यावरचा थर घावन सुटावे म्हणून आणि डिस्कवरचा थर पॅडने धरावे म्हणून.

थोडक्यात, दुकानातून आपण ब्रेक आणत नाही, ब्रेकचे दोन सुटे अर्धे भाग आणतो. त्यांचा ब्रेक रस्त्यावर तयार होतो. ब्रेकची क्षमता मोजण्याच्या ठरीव चाचण्यांतही आधी पॅड बसवून घेतात आणि मगच मोजमाप सुरू करतात, ते याच कारणाने.

बसवताना घ्यायची काळजी

हा थर एकसारखा यायचा तर आधी डिस्क सरळ फिरली पाहिजे. जुनी डिस्क काढल्यावर हबवर गंजाचे पापुद्रे राहतात. ते तारेच्या ब्रशने साफ न करता नवी डिस्क लावली तर ती किंचित तिरकी बसते. मोटारीच्या डिस्कची डगमग साधारणपणे ०.०५ मिलिमीटरच्या आत असावी लागते. वहीच्या पानाची जाडीही यापेक्षा जास्त असते! नव्या डिस्कवर गंजरोधक तेल लावलेले असते. तेही विद्रावकाने पुसून काढायला हवे, नाही तर ते पॅडमध्ये मुरते.

डिस्क बदलायची की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. तिच्यावर किमान जाडी बहुधा कोरलेली असते. प्रयोगशाळेतल्या स्क्रू गेजने जाडी मोजावी आणि ती किमान जाडीच्या खाली गेली असेल तर डिस्क टाकून द्यावी. पातळ डिस्कचे वस्तुमान कमी, म्हणून तेवढ्याच उष्णतेने तिचे तापमान जास्त वाढते. पॅड आणि डिस्क नेहमी एका आसावरच्या दोन्ही चाकांच्या एकदम बदलाव्यात, नाही तर गाडी एका बाजूला ओढते.

जुन्या पॅडची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ती ओल्या फडक्याने पुसावी. नवे, जाड पॅड मावावेत म्हणून पिस्टन मागे ढकललेला असतो. त्यामुळे काम झाल्यावर पहिल्यांदा पेडल दाबले की ते थेट खाली जाते. म्हणून गाडी जागची हलवण्याआधी पेडल अनेकदा दाबून घट्ट करून घ्यावे. गाडी गॅरेजमधून बाहेर काढताना समोरच्या भिंतीवर आदळते ती बहुधा ही पायरी चुकल्यामुळे.

पॅड बसवायचे कसे?

गाडीच्या किंवा पॅडच्या पुस्तिकेत पद्धत दिली असेल तर तीच पाळावी. दिलेली नसेल तर सर्वसाधारण रीत अशी : गाडी रिकामी ठेवावी आणि सरळ, मोकळा, रहदारी नसलेला रस्ता निवडावा. पहिले पाच-सहा ब्रेक हलके लावावेत. मग वेग ताशी ६० किलोमीटरवर न्यावा आणि मध्यम जोराने ब्रेक लावून तो २० वर आणावा. पूर्ण थांबू नये. अर्धा-एक मिनिट चालवून पुन्हा तेच. असे आठ-दहा वेळा झाले की पाच-दहा मिनिटे शक्यतो ब्रेक न लावता गाडी फिरवून डिस्क निवू द्याव्यात. त्यानंतरही पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक आणि लांबचे उतार टाळावेत.

या आकड्यांमागचे कारण पाहू. रिकामी पिकअप १८०० किलोग्रॅमची धरली, तर ६० वरून २० वर येताना सुमारे २ लाख २२ हजार जूल ऊर्जा बाहेर पडते. त्यातली ७० टक्के पुढच्या, प्रत्येकी ८ किलोग्रॅमच्या दोन डिस्कमध्ये गेली, तर तापमान प्रत्येक वेळी सुमारे २१ अंशांनी वाढते. मधल्या वेळात ते थोडे उतरते. म्हणजे दहा वेळांत आपण पायरी पायरीने वर चढतो. पॅडमधले वायू निघून जातात, थर बसू लागतो आणि कोणतीही पायरी अंगावर येत नाही. घाटात मात्र ही शिडी नसते. तेथे एकदम माडीवरच उडी असते.

'पूर्ण थांबू नये' असे का? डिस्क तापलेली असताना पेडल दाबून उभे राहिले, तर पॅडचा पदार्थ एकाच जागी डिस्कवर चिकटून ठसा उमटतो. मग प्रत्येक फेऱ्यात तो ठसा पॅडखाली आला की पेडल थरथरते. अशा वेळी 'डिस्क वाकडी झाली' असे म्हणण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते. तिच्या जाडीत किंवा थरात मिलिमीटरच्या काही शतांश भागांचा फरक पडलेला असतो. तो ठसा वारंवार फार तापत राहिला तर त्याखालचे बीड कठीण होते आणि दोष कायमचा होतो.

याउलट, कधी पुरेसा जोर लावलाच नाही, नुसता पाय टेकवून चालवत राहिले, तर पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होऊ शकतो आणि डिस्कवर थर नीट बसत नाही. म्हणून 'सांभाळून' याचा अर्थ 'ब्रेक न लावता' असा नाही, तर 'मोजून, थांबून थांबून लावत' असा आहे.

वेगवान गाड्यांचे काय?

ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १६० किलोमीटरला ती ८० च्या चौपट असते. म्हणून वेगवान मोटारींच्या डिस्क मोठ्या आणि आतून हवा खेळेल अशा पोकळ असतात आणि त्यांचे पॅड जास्त तापमानाला पकड टिकवणारे असतात. अशा पॅडना थर बसवण्यासाठीही जास्त तापवावे लागते, म्हणून त्यांची रीत अधिक कडक असते. दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ या काळात झालेल्या फॉर्म्युला वन शर्यतींतल्या गाड्यांच्या डिस्क तर कार्बनच्या होत्या. त्या तापून लाल होतात तेव्हाही उत्तम धरतात, पण थंड असताना त्यांची पकड कमी असते. शर्यतीचे पॅड रोजच्या गाडीला लावणे शहाणपणाचे नाही, ते याचमुळे. प्रत्येक पॅडचे आपले तापमान असते.

घाटात आणखी दोन गोष्टी

पॅड नीट बसले तरी घाटाचे नियम संपत नाहीत. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे कोरडे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. तेलात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल स्पंजासारखे दबते, कारण द्रव दाबला जात नाही, वायू दाबला जातो. म्हणून साधारण दोन वर्षांनी, किंवा पुस्तिकेप्रमाणे, ते बदलावे.

दुसरी गोष्ट, डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करण्याची किंवा इंजिन बंद करण्याची सवय. गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन फिरवण्यातही ऊर्जा खर्च होते आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. न्यूट्रलमध्ये तो सगळा ब्रेकवर येतो. इंजिन बंद केले तर पेडलला मिळणारी निर्वाताची मदत एक-दोन दाबांतच संपते आणि मोठ्या ट्रकच्या टाकीत नवी हवा भरली जात नाही. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळ उतारावरून आलेल्या ट्रकने अनेक वाहनांना ठोकरले. आधी सर्वांनी 'ब्रेक फेल' म्हटले. नंतर चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे तपासात सांगण्यात आले. गंमत अशी, की आजचे इंजिन उतारावर गिअरमध्ये असताना इंधन जवळजवळ घेतच नाही. न्यूट्रलमध्येच ते चालू राहण्यासाठी थोडे पीत राहते. म्हणजे बचतही होत नाही!

वर्गात करून पाहण्यासाठी

१. सायकल उभ्या स्टँडवर न लावता एखाद्या छोट्या उतारावरून ब्रेक धरत सावकाश खाली आणा आणि लगेच रिमला हात लावा. सायकलसह ७५ किलोग्रॅम वजन १० मीटर उंची उतरले तर ७३५० जूल ऊर्जा मिळते. पोलादी रिमांचे वस्तुमान दोन किलोग्रॅम धरून तापमान जास्तीत जास्त किती वाढेल, हे विद्यार्थ्यांकडून काढून घ्या. उत्तर आठ अंशांच्या आसपास येईल.

२. बारीक पॉलिश पेपरवर खडू एकाच जागी वीस-पंचवीस वेळा घासा. सुरुवातीचा खरखरीतपणा बोटांना कमी होताना जाणवेल. आता खडू कागदावर घासतो आहे की खडूवरच? डिस्कवर थर बसतो म्हणजे काय, हे यातून चटकन ध्यानात येते.

३. गॅरेजमधून टाकून दिलेली एक डिस्क आणा. तिची जाडी चार-पाच ठिकाणी स्क्रू गेजने मोजा आणि कोरलेल्या किमान जाडीशी ताडून पाहा.

आपल्या वर्गातल्या अनेक मुलांच्या घरी पिकअप किंवा ट्रॅक्टर असतो. त्यांचे वडील, काका रात्री माल भरून घाट उतरतात. हंगामाआधी पॅड बदलायचे असतील तर आदल्या संध्याकाळी न बदलता आठवडाभर आधी बदला, रिकाम्या गाडीने ते बसवून घ्या आणि घाट उतरताना गिअर सोडू नका, एवढी तीन वाक्ये मुलाने घरी जाऊन कारणांसहित सांगितली, तरी ऊर्जेचा धडा पुरता शिकवून झाला असे समजावे.